आईच्या पत्रावरच्या टिकल्या

दोन हजार पाचचा हिवाळा. अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावच्या लायब्ररीत नॉर्वेजियन भाषेचा फुकट वर्ग चालायचा. मी जायचो ते तिथल्या हीटरसाठी. पण चारचौघांत ‘शेजाऱ्यांची भाषा यायला हवी’ असं सांगत सुटलो आणि तेच अंगाशी आलं.

आमच्या शेजारच्या आजी नॉर्वेहून आलेल्या. त्यांची दृष्टी गेली होती. आईचं शेवटचं पत्र त्यांनी जपलं होतं, पण मुलांना ती भाषा येत नव्हती. रविवारी मुलगा त्यांना कायमचं टेक्ससला नेणार होता. त्याआधी त्यांना ते एकदा ऐकायचं होतं. ‘मी वाचतो की,’ म्हणालो.

पत्राची झेरॉक्स काढली, सगळं देवनागरीत उतरवलं आणि बुधवारी ठणठणीत आवाजात वाचलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ही भारतातली कुठली भाषा?

घरी बायको हसून हसून दमली. मुलगी म्हणाली, “बाबा, यू साउंड लाइक अ फोन मेनू.”

‘एक दाबा, दोन दाबा’ म्हणणाऱ्या यंत्रासारखा. खरंच होतं ते. पंगतीत वाढावं तसा मी प्रत्येक अक्षराला सारखाच जोर वाढत होतो. ही नॉर्वेजियन मंडळी दोन शब्द जोडून एक करतात. मुख्य जोर पहिल्या शब्दावर, दुसऱ्यावर जरा कमी. शोक्केनविंदू म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी. मी ती ‘शोक्के’ आणि ‘नविंदू’ अशी भलतीकडेच फोडत होतो.

मग मीही हट्टाला पेटलो. प्रत्येक जोडशब्द पेन्सिलीनं सांध्यावर कापला. वाचताना जोर विसरायला होई, म्हणून बायकोचं टिकल्यांचं पाकीट उचललं. मुख्य जोराच्या अक्षरावर मोठी टिकली, दुय्यम जोराच्या अक्षरावर बारीक.

“एक तरी ठेवा माझ्या कपाळाला,” ती म्हणाली.

तीन दिवस मोठ्या टिकलीला पोळपाटावर थाप, बारकीला टिचकी. मुलगी हेडफोन लावून बसायची.

शनिवारी दुपारी पुन्हा गेलो. पानाच्या मध्यावर खिडकी आली. शोक्केन-विंदू. आजींनी हात वर केला. संपलं, पुन्हा फसलो, मी मनात म्हटलं.

“तिथंच बसून लिहायची ती,” आजी म्हणाल्या. “वाच पुढे.”

शेवटपर्यंत वाचलं. आजींनी माझा कागद मागून घेतला, त्यावर बोट फिरवलं आणि मोठ्या टिकलीशी थांबून विचारलं, हे काय? मी सांगितलं. रविवारी तो कागद आईच्या पत्राबरोबर त्यांच्या पर्समध्ये टेक्ससला गेला.

बायकोनं पाकीट उघडून पाहिलं. तीनच उरल्या होत्या, सगळ्या बारीक.