नर्सबाईंची कुजबुज

"मी तं हळूच बोलून राह्यली न, गुरुजी!"

नर्सबाईंनी हे वाक्य मला पहिल्यांदा ऐकवलं ते मी त्यांच्याकडे तक्रार घेऊन गेलो तेव्हा. दवाखाना रस्त्याच्या पलीकडे, शाळा अलीकडे. मी चौथीला शुद्धलेखन घालत होतो आणि बाई ओट्यावर कोणा म्हातारीला गोळ्या कशा घ्यायच्या ते समजावत होत्या. पाट्या तपासायला घेतल्या, तर निम्म्या मुलांनी लिहिलं होतं, "जेवल्यावर घे माय, उपाशी नको घेऊ."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना स्वतःचा आवाज कधी मोठा वाटतच नाही.

एकोणीसशे साठनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. आमचं गाव फुलसावंगीच्या पुढे, गाडीवाटेवरचं. बाई छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातल्या. एसटीतून उतरल्या की समोर येईल त्याला खणखणीत "जय भीम" घालत. काहींना ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचं असे, पण त्या आवाजापुढे तशी सोयच नव्हती. "राम राम" का होईना, उत्तर द्यावंच लागे.

या आवाजाचं मूळ त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांची आई यवतमाळला जिनिंगमध्ये कामाला होती. यंत्रांच्या खडखडाटाने तिचे कान गेले. "मायले आयकू गेलं पायजे म्हनून आम्ही सारे भावंडं वरडूनच मोठे झालो," बाई म्हणाल्या. "आमच्या घरी हळू बोलनं म्हंजे न बोलनं."

एका वर्षी पुसदहून डॉक्टर आले आणि बाईंवर नवं काम टाकून गेले. शाळेतल्या सगळ्या मुलांचे कान तपासायचे. यंत्र नाही, मिळण्याची आशाही नाही. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहायचं, त्याचा एक कान बोटाने बंद करायचा, छातीतला श्वास सोडून द्यायचा आणि उरलेल्या श्वासात एक शब्द कुजबुजायचा. मुलाने तो म्हणून दाखवायचा. मग दुसरा कान. खर्च काही नाही. लागतो फक्त हळू आवाज.

आणि हे काम आमच्या बाईंकडे!

पहिल्या दिवशी त्यांनी एका मुलाला पुढे उभं केलं, श्वास सोडला आणि कुजबुजल्या, "कापूस." मुलगा म्हणाला, "कापूस." शेजारचा वर्ग म्हणाला, "कापूस." रस्त्याने जाणाऱ्या गाडीवानाने बैल थांबवून विचारलं, "कोनाले पायजे?"

संध्याकाळपर्यंत एकजात सगळे कान पास झाले. हेडमास्तर खूश. बाई मात्र पायरीवर बसून राहिल्या. "हे पोट्ट्यांचे कान नाही पास झाले, गुरुजी. माहा गळा पास झाला."

मग त्यांनी शिकायचं ठरवलं, आणि गुरू केलं ते माझ्या बायकोला. ती राळेगावची. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि ती इतकी हळू बोले की मीठ हवंय की पीठ, ते मला दोनदा विचारावं लागे. बाई रोज दवाखाना बंद झाला की आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसत. मी बाहेरून ऐकत असे; म्हणजे बाईंचं ऐकू येई, बायकोचं नाही.

"असं समजा, ताई," एक दिवस मी मुद्दाम दाराशी कान लावला तेव्हा बायको सांगत होती, "का सासू बाजूच्या खोलीत झोपली हाये."

"झोपली तं उठवीन तिले! कायले भेऊ?"

पण हळूहळू जमलं. एका संध्याकाळी बराच वेळ घरात काहीच ऐकू येईना. बाई गेल्या असतील म्हणून मी आत डोकावलो, तर दोघी समोरासमोर बसून कुजबुजत होत्या आणि हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कशावर, ते मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या तपासणीत काही मुलं अडखळली. लालीला तर एकही शब्द म्हणता आला नाही. लाली बंजाऱ्यांच्या तांड्यावरची. दाराजवळ बसे आणि विचारलं तरी बोलत नसे. मख्ख बसते म्हणून पोरं तिला "भोपळी" म्हणत.

"तिला मराठी कुठे कळते?" हेडमास्तर म्हणाले. "घरी त्यांची गोरबोली."

"मंग त्या बोलीत इचारून पाहू न," म्हणत बाई तांड्याकडे चालू लागल्या. मी सोबत गेलो. वाटेत पाणवठ्यावर भेटलेल्या बायकांकडून त्यांनी याडी म्हणजे आई, बाटी म्हणजे भाकर, असे चार शब्द घोकून घेतले.

लाली अंगणात तुरी निवडत बसली होती. बाई मागे बसल्या, तिचा एक कान बोटाने बंद केला आणि कुजबुजल्या, "याडी." लाली तुरी निवडत राहिली. दुसरा कान. तेच.

तेवढ्यात तिचा बाप आला. यंदा तिला शाळेतून काढून कापूस वेचायला न्यायचं, असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. तो म्हणाला, "आयकते ते. हात केला का पयत येते."

"हात नका करू. मागून हाक मारा."

तो लेकीच्या मागे जाऊन उभा राहिला. "लाली!" मेढीला बांधलेल्या शेळीने मान वर केली. लालीने नाही. त्याने पुन्हा हाक मारली. मग मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. तेव्हा कुठे तिने वळून पाहिलं आणि बाप दिसताच हसली.

तो लेकीशेजारी खाली बसला. "मी तं लई मारलं तिले, बाई. आयकत नाही म्हनून मारलं."

बाईही त्याच्याजवळ टेकल्या. "तुमाले तरी कसं मालूम असन, भाऊ," त्या म्हणाल्या. हे त्या खरोखरच हळू बोलल्या, आणि त्यासाठी त्यांना श्वास सोडावा लागला नाही.

लालीच्या दोन्ही कानांत पू साठला होता. बाई तिला आणि बापाला घेऊन एसटीने पुसदला खेपा घालत राहिल्या. इंजेक्शनं झाली, थेंब झाले. उजवा कान पुष्कळ सुधारला. डाव्याची हमी डॉक्टरांनी दिली नाही. कापूस वेचायचं कोणी पुन्हा बोललं नाही आणि लाली पहिल्या रांगेत, उजवा कान माझ्याकडे करून बसू लागली.

तिच्या सुधारलेल्या कानाची बातमी साऱ्या शाळेला कळली ती एका मुलाच्या बोंबलण्याने. त्याने नेहमीसारखी "ए भोपळी" म्हणून हाक मारली. लालीने ती जन्मात पहिल्यांदा ऐकली आणि पाटी त्याच्या डोक्यात घातली. त्याची पट्टी बांधायला बाईच आल्या. "गुरुजी, कान चांगला झाला बरं का," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, पांढरकवड्याकडे कुठेतरी. नव्या नर्सबाई आल्या हे गावाला चार दिवस कळलंच नाही. बायको संध्याकाळी उगाच दाराकडे पाहत बसे.

शाळा सुरू झाली तेव्हा लालीचा बाप धाकट्या मुलीचं नाव घालायला आला. शाळेच्या ओट्यावर उभा राहून त्याने दवाखान्याकडे पाहिलं. "ते बाई नाही का?"

"बदली झाली."

मग त्याने पोरीला माझ्याकडे तोंड करून उभं केलं, स्वतः तिच्यामागे उकिडवा बसला, तिचा डावा कान जाड बोटाने बंद केला आणि छातीतला सगळा श्वास सोडून दिला. त्याचे ओठ हलले. मी समोर होतो, मला काही ऐकू आलं नाही.

पोरगी गर्रकन वळली आणि तिने बापापुढे हात पसरला.

तो ओशाळला. "गुळाचं नाव घेतलं, गुरुजी. पोट्टीले खरंच वाटलं."

"दुसरा कान राहिला ना अजून," मी म्हणालो.

पोरीने हात मागे घेतला नाही. "पयले गूळ," ती म्हणाली.