कवरत्तीहून परत येताना

“जाऊन तर बघू,” म्हणताना ताई चष्मा कपाळावर ढकलायच्या. एकदा चष्मा वर गेला की त्यांना अडवण्यात अर्थ नसे, हे एकलहऱ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी सांगायचं, कॅन्टीन आज बंद आहे. ताई तरी निघायच्या. बऱ्याचदा कॅन्टीन खरंच बंद असायचं. मग त्या तशाच परत यायच्या, जराही वाईट वाटून न घेता, आणि येताना वाटेत काय काय दिसलं ते सांगायच्या.

वीज केंद्रात बॉयलरला जाणारं पाणी दर पाळीला तपासावं लागतं. ते काम आमचं. माझे यजमान तिथंच नोकरीला होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं, माझी मुलगी बालवाडीत होती, आणि मी कॉलनीतून प्लँटवर आणि प्लँटवरून कॉलनीत एवढंच चालत होते. कुणाशी बोलत नव्हते. बाकीच्या बायका हळहळून विचारायच्या, ते मला नकोसं व्हायचं. ताईंनी काही विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत आपला डबा उघडला आणि मेथीची भाजी माझ्या झाकणात वाढली. “मखमलाबादची आहे. आमच्या मळ्यातली,” एवढंच म्हणाल्या. पुढे कितीतरी महिने मी ती भाजी खाल्ली. त्यातूनच कधीतरी मला बोलायला येऊ लागलं.

ताईंचं माहेर माळ्याचं. गुलाब आणि पालेभाजी. घरात शिकलेली पहिली मुलगी त्या. रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवलेली, तरी रविवारी मळ्यात जाऊन भावजयीबरोबर जुड्या बांधायला बसायच्या. त्यांचे यजमान नौदलात होते. तिथून निवृत्त होऊन आमच्या वर्कशॉपमध्ये लागले. ते फार कमी बोलत. मूलबाळ नव्हतं. दोघांच्या घरात बोलायचं काम ताईंकडे होतं आणि ऐकायचं त्यांच्याकडे, असं ताईच हसत सांगायच्या.

यजमानांचा एक नौदलातला मित्र कोचीला राहायचा. त्याच्याकडे शिडाची एक लहान होडी होती. आत दोघांना झोपता येईल, स्टोव्हवर स्वयंपाक करता येईल, एवढीच. त्याचे गुडघे गेले तेव्हा त्यानं या जुन्या दोस्ताला कळवलं, की एक हिवाळा तू घेऊन जा, लक्षद्वीप फिरून ये. यजमानांनी ती गोष्ट घरी सांगितली ती नुसती सांगायची म्हणून. बायको नाही म्हणेल, आणि आपल्याला मनातल्या मनात हळहळता येईल, असा त्यांचा हिशेब असावा. ताईंनी चष्मा वर ढकलला.

त्यानंतर जे सुरू झालं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावरची ही बाई नाशिकरोडच्या तरण तलावात बायकांच्या वेळेला सलवार-कमीज घालून पोहायला शिकली. मलाही ओढून नेलं. मी पायऱ्यांवरच बसून राहायचे, आणि त्या नाकातोंडात पाणी जाऊन, खोकत, लालबुंद होऊन काठाला यायच्या. म्हणायच्या, “आज कालच्यापेक्षा कमी प्यायले.” सुट्टीच्या दिवशी नवरा-बायको गंगापूर धरणाच्या पाण्यात एका चिमुकल्या होडीत शीड बांधून सराव करायचे. काठावर म्हशी धुणारे लोक काम सोडून बघत बसत.

प्लँटमध्ये त्यांची भरपूर थट्टा झाली. गोदावरीत गुडघाभर पाणी नाही आणि ही समुद्रात निघाली, असं लोक म्हणायचे. साठवलेली सगळी रजा एकदम मागितली तेव्हा साहेबांना वाटलं, घरात कुणी आजारी आहे. खरं कारण त्यांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं, मग मंजूर केली. परवानग्या मिळायला पुष्कळ महिने गेले. ताईंच्या आईनं मात्र एकच प्रश्न विचारला, “तिथं पिकतं काय?” नारळ, असं कळल्यावर म्हातारी विचारात पडली. “नुसते नारळ? मंग मेथीचं बी घेऊन जा.”

आणि ताईंनी खरंच नेलं.

जानेवारीत गेलेली ही दोघं उन्हाळा सुरू होता होता परत आली. ताई काळ्या पडल्या होत्या, केस भुरके झाले होते. यजमानांचा डावा हात गळ्यात अडकवलेला होता. खांदा दुखावला, असं सांगितलं गेलं. त्यापुढचे कितीतरी दिवस जेवणाच्या सुट्टीत आम्ही बेटं ऐकत होतो. बेटाच्या भोवती प्रवाळाची कड असते, तिच्या आतलं पाणी शांत आणि इतकं नितळ, की नांगर तळाशी वाळूत पडलेला वरून दिसतो. आमच्यासारख्या पाणी तपासणाऱ्या बायांना हे ऐकून फार नवल वाटायचं. सकाळी उठून होडीवरून थेट पाण्यात उतरायचं, तिथंच अंघोळ, मग भात आणि मासे. कल्पेनी बेटावर एका बाईशी त्यांची मैत्री झाली. हिला मल्याळम येत नाही, तिला मराठी येत नाही. ताईंनी होडीवर एका पसरट टपात मेथी पेरली होती. ती कोवळी मेथी पाहून ती बाई हरखून गेली, कारण तिथल्या वाळूत पालेभाजी मोठ्या कष्टानं येते. ताईंनी तिला बी दिलं, वाफा करून दाखवला. तिनं ताईंना नारळ आणि सुकवलेला मासा दिला. परतीच्या वाटेवर पुन्हा त्या बेटाला जाता आलं तेव्हा बाईच्या दारात हिरवा चौकोन उगवलेला होता. हे सांगताना ताई हातानं त्याची लांबी-रुंदी दाखवायच्या. मग त्या पटकन दुसरं काहीतरी सांगायच्या.

खांद्याचं मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. ते मला काही वर्षांनी कळलं.

मी खात्याची परीक्षा पास झाले आणि बढती मिळाली, पण चंद्रपूरला. मुलगी तेव्हा पाचवीत. निफाडला सासरी कुणालाच हे पसंत नव्हतं. एकटी बाई, एवढ्या लांब, ओळखीचं कुणी नाही. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. मी नकार कळवायचं ठरवलं आणि तसं ताईंना सांगितलं. त्यांनी रविवारी मला मळ्यात बोलावलं. बांधावर आंब्याखाली आम्ही मेथीच्या जुड्या बांधत बसलो, आणि हात चालू असतानाच त्यांनी सांगायला सुरुवात केली.

लक्षद्वीपच्या कवरत्ती बेटाहून दोघं कोचीकडे निघाले होते. मागे किनारा दिसेनासा झालेला, पुढे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी वाऱ्यानं अचानक बाजू बदलली आणि शिडाचा आडवा दांडा गरकन फिरून यजमानांच्या खांद्यावर बसला. हाड मोडलं. त्यांना आत झोपवलं. पहिल्यांदा ते आतून सांगत होते, ही दोरी ओढ, ती सैल सोड. संध्याकाळपर्यंत त्यांना ताप चढला आणि ते असंबद्ध बोलू लागले. रेडिओवर हाक मारली तर कुणी उत्तर देईना. इंजिन होतं, पण डिझेल बंदरात शिरण्यापुरतंच.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. सुकाणू धरलं. होकायंत्रात पूर्व दिसत होती. एवढा मोठा देश, चुकणार कुठे?”

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

सुकाणूला बसून त्या रडल्या, असं त्यांनी सांगितलं. देवाला काय काय बोलल्या ते सांगण्यासारखं नाही म्हणाल्या. शीड लहान केलं, कारण मोठं सांभाळायची ताकद नव्हती. होडी हळू चालली तर चालली. मधेच सुकाणू बांधून आत जायचं, नवऱ्याला पाणी पाजायचं, कपाळावर ओला रुमाल ठेवायचा आणि परत यायचं. झोप अशी लागलीच नाही. पुढचा दिवस उजाडला, तोही गेला. त्यानंतरच्या सकाळी पाण्याचा रंग बदललेला त्यांना दिसला. निळ्याचं हिरवं झालं होतं, पुढे गढूळ झालं. त्यांना ते गढूळ पाणी इतकं सुंदर वाटलं, की आयुष्यात तपासलेला कुठला नमुना तसा वाटला नव्हता. थोड्या वेळानं कोळ्यांची एक बोट आली. त्यांनी खुणेनं विचारलं, ताईंनी आत हात दाखवला. त्यांनी दोरी फेकली.

“मी घेतली,” ताई म्हणाल्या. “आपल्या बळावर बंदरात शिरावं असलं काही मनात आलं नाही. घरी पोचायचं होतं.”

त्या कोळ्यांनी होडी बंदरापर्यंत ओढत नेली, यजमानांना उचलून दवाखान्यात पोचवलं आणि चहासुद्धा न घेता निघून गेले. त्यांची नावं विचारायची राहिली, याची खंत ताईंना शेवटपर्यंत होती.

जुडी बांधून त्यांनी टोपलीत टाकली आणि माझ्याकडे पाहिलं. “लोक म्हणतात, तुम्हाला भीती कशी वाटत नाही. मला वाटते. त्या दिवशी तर जीव जाईल एवढी वाटली. तुलाही तिकडे वाटेल. म्हणून नको जाऊ असं मी तुला सांगणार नाही.” मग पुढची जुडी हातात घेत म्हणाल्या, “दोरी कुणी फेकली तर मात्र घे गं. लाजू नकोस.”

मी चंद्रपूरला गेले. मुलीला घेऊन, दोन ट्रंका घेऊन. पहिल्या उन्हाळ्यात तिथल्या उकाड्यानं आणि एकटेपणानं मी रडले, आणि शेजारच्या तेलुगू बाईनं मुलीला शाळेतून आणायची तयारी दाखवली तेव्हा नको न म्हणता हो म्हटलं. ती बाई आजही माझ्या घरातली आहे. आज मुलगी स्वतःच्या पायावर उभी आहे, माझं स्वतःचं घर आहे. यातलं किती माझं आणि किती त्या बांधावरच्या दुपारचं, हे मला वेगळं काढता येत नाही. काढावंसंही वाटत नाही.

मी बदली होऊन परत आले तोवर ताई निवृत्त झाल्या होत्या. भेटत राहिलो. मग त्यांचं आजारपण आलं, ते लवकर आलं आणि लवकर संपलं. दवाखान्यात शेवटच्या भेटीत त्यांनी माझ्या मुलीच्या नोकरीची सगळी चौकशी केली आणि मला जेवायला घरी पाठवलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या यजमानांना भेटायला गेले. ते गच्चीवर होते. होडी विकली गेली तेव्हा मित्रानं तिचं जुनं शीड यांना पाठवून दिलं होतं, आणि ताईंनी ते सावलीसाठी गच्चीवर ताणून बांधलेलं होतं. त्याखाली खुर्ची टाकून ते बसले होते. मी शेजारी बसले. दुपार कलली तसा वारा सुटला, शीड एकदम फुगलं आणि दोरखंड करकरायला लागले. ते उठले, पण डावा हात त्यांना खांद्याच्या वर नेता येत नव्हता.

“तो कोपरा जरा सोडतेस का?” ते म्हणाले. “फाटेल नाहीतर.”

मी स्टुलावर चढले. गाठ ताईंनी मारलेली होती. घट्ट दिसत होती, पण एका ओढीत सुटली. शीड सैल पडून फडफडलं आणि शांत झालं. वारा पडल्यावर ते परत बांधायचं होतं, आणि मला तशी गाठ येत नव्हती. मी आपली गाठोड्याला मारतो तशी साधी गाठ मारली. त्यांनी खालून ती नीट पाहिली, मान हलवली, आणि आम्ही दोघं सावलीत येऊन बसलो.