पौषात काढलेला मृगाचा फोटो

भोरमध्ये आमचा फोटो स्टुडिओ आहे आणि पौष महिन्यात तिथं माशीसुद्धा फिरकत नाही. पौषात लग्न नाही, साखरपुडा नाही, कुणी सुपारीही फोडत नाही. एरवी या महिन्यात आम्ही अल्बम चिकटवतो, बॅटऱ्या चार्ज करून ठेवतो आणि वेळ उरला की एकमेकांवर खेकसतो. गेल्या पौषात मात्र मी, माझा नवरा आणि माझी नणंद असे तिघं आकाशाच्या मागं लागलो. चंद्राच्या नव्हे, चंद्र काय, मोबाईलवर कुणीही काढतं. आम्हाला हवा होता मृग नक्षत्रातला तेजोमेघ. मृगाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण रुतलेला असतो, त्याच्या जरा खाली एक अंधुक ठिपका दिसतो, तो. नुसत्या डोळ्यांना तेवढाच, फोटोत म्हणे गुलाबी ढग फुलतो.

खरं सांगू का, मला त्या ढगाशी काही देणंघेणं नव्हतं. मला ह्यांच्या हातून एक फोटो काढून घ्यायचा होता. दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला आणि एका लग्नात अंतरपाट खाली आल्यावरचे सगळे फोटो हललेले निघाले. नवरीचे वडील भांडले असते तर परवडलं असतं. ते बिचारे "होतं असं कधीकधी" म्हणाले, आणि तेच ह्यांना लागलं. पुढं औषधानं चहाचा कप सांभाळता येण्याइतका फरक पडला, पण ह्यांनी कॅमेऱ्याला पुन्हा बोट लावलं नाही. आता लग्नं मी काढते. हे काउंटरला बसतात, गिऱ्हाइकाची कॉलर सरळ करतात, केसांवरून हात फिरवायला सांगतात, आणि मी बटण दाबणार त्या क्षणाला भिंतीकडं बघतात. त्या भिंतीकडं बघण्याचा मला असा काही राग यायचा की एकदा तरी ह्यांचं तोंड धरून वळवावं.

अशात मोबाईलवर एक व्हिडिओ पुढ्यात आला. त्यातला पोरगा सांगत होता की दूरच्या आकाशाचे फोटो काढताना नवशिक्यांची पहिली चूक म्हणजे कॅमेऱ्याला हात लावणं. कॅमेरा तिपाईवर ठेवायचा, रिमोट घेऊन बाजूला व्हायचं. पृथ्वी फिरते, तारे सरकतात, म्हणून एकच लांबलचक फोटो न काढता सेकंद-सेकंदाचे शेकडो फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. ज्यात कॅमेऱ्याला हातच लावायचा नाही, अशीही फोटोग्राफी जगात होती आणि आम्ही इतकी वर्षं अंतरपाटाशी झटत बसलो होतो!

ह्यांना यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हे भिंतीकडं बघत बसले असते. नणंदेला तेवढं सांगितलं. ती उत्रोलीला दिलेली, माझ्याहून लहान. मी तिला वन्सं म्हणते आणि अहोजाहो करते ते निव्वळ चिडवायला. आमच्या फोटोंची निवड आणि सफाई तिच्याकडं असते. ती म्हणाली, "वहिनी, दादाला आणायचं माझ्याकडं लागलं. तू फक्त गप बसायचं बग. जमंल का?" माझ्या जिभेवर कुणाचाच विश्वास नाही.

पहिला प्रयत्न घराच्या गच्चीवर. अमावास्या नुकतीच झालेली, आकाश काळंभोर असेल अशी समजूत. पण बाजारपेठेतले दिवे होते, शेजारच्या मंगल कार्यालयाची पाटी रिकामी असूनही झगमगत होती. तरी काढले. दुसऱ्या दिवशी पडद्यावर बघतो तर एकही तारा नाही. मी कॅमेऱ्याला शिव्या दिल्या, लेन्सला दिल्या, बाजारपेठेला दिल्या. मग कळलं की नणंदेनं सवयीनं सगळे फोटो लग्नाच्या सफाईतून काढले होते. त्या सफाईत तीळ, पुटकुळ्या, डाग आपोआप जातात. मृग, रोहिणी, कृत्तिका सगळ्या पुटकुळ्या ठरून गेल्या होत्या. आकाश मात्र काय झालं होतं म्हणून सांगू, नवरीच्या गालासारखं गुळगुळीत!

दोनच दिवसांनी उत्रोलीला तिच्या शेतात गेलो. भात निघालेलं, खाचरं रिकामी, दिवे लांब. हे आले ते "थंडीत दोघी बाया एकट्या कुठं" असं पुटपुटत, आणि दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घालून बांधावर उभे राहिले. तिथं आम्ही व्हिडिओतली पुढची गोष्ट केली. शेवटी काही फोटो लेन्सला झाकण लावून काढायचे असतात, म्हणजे कॅमेऱ्याचे स्वतःचे दोष कळतात आणि मग ते वजा करता येतात. मी झाकण लावून बटण दाबत सुटले. हे बघत राहिले, बघत राहिले, आणि एकदम म्हणाले, "लग्नात झाकण काढायला इसरलो म्हणून माझ्या गुरूनं मला टपली मारली होती. आता मुद्दाम लावून काढतात व्हय?" आणि हसले. खरंच हसले. मला वाटलं, आज फत्ते.

कसली फत्ते! रात्री नणंदेनं कार्ड घरी नेलं आणि तिच्यातली इमानदार कारागीर जागी झाली. लग्नातून आलं की काळे गेलेले, डोळे मिटलेले, हललेले फोटो ती आधी उडवते. हे तर सगळेच काळे. काळ्यावर पांढरे कण, म्हणजे वर धूळसुद्धा. तिनं सगळे उडवले आणि रिकाम्या कार्डावर सकाळी शेजारचं बारसं काढलं. मी म्हणाले, "वन्सं, धन्य आहात. तुमच्या हातून देवाची दिवाळीसुद्धा उडायची." तर ती रडायच्या ऐवजी फिदीफिदी हसायला लागली, मग मीही, आणि आम्ही दोघी स्टुडिओच्या पडद्याआड पोट धरून बसलो. बारशाच्या प्रत्येक फोटोत ते बाळ आमच्याकडं बघून वेडावत होतं.

मग चंद्र मोठा होत गेला आणि आम्ही हात चोळत बसलो. एकदम पौषी अमावास्येलाच पुन्हा मोका होता. या वेळी नणंदेच्या नवऱ्याच्या मावसभावाचं गुंजवण्याला खाचर आहे, तिथं जायचं ठरलं. तिथला अंधार चांगला, असं त्यानंच सांगितलं, आणि वर हसून म्हणाला, "अंधाराचं कौतिक करणारी पैलीच मानसं बगितली." गाडी नणंद चालवत होती. बोलण्याच्या नादात तिनं फाटा चुकवला आणि आम्ही विंझरला जाऊन पोचलो. तिथं दुकानात चौकशी केली, शेंगदाण्याचे लाडू घेतले आणि मागं फिरलो. हे म्हणाले, "अमावास्येला निघालं की असंच व्हायचं." पण घरी चला असं नाही म्हणाले. मी तेवढं मनात धरून ठेवलं.

गुंजवण्याला राजगड पाठीशी काळाठिक्कर उभा. समोर मृग असा लखलखीत की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि मी वाजवल्यासुद्धा. सामान मांडलं. नव्या कामाला नारळ फोडल्याशिवाय आमचा कॅमेरा सुरू होत नाही, म्हणून नारळ फोडला. तिपाईला दसऱ्याचं हळदकुंकू होतंच. डोळे अंधाराला सरावले की पांढरा उजेड चालत नाही, म्हणून बॅटरीवर लाल ब्लाऊजपीस बांधलेलं. लेन्सवर दव धरतं, त्यावर नणंदेनं उपाय काढला होता. बाळाला शेकतात तशी तव्यावर तापवलेल्या ओव्याची पुरचुंडी लेन्सच्या गळ्यात बांधली. ती लेन्स अजूनही ओव्याच्या वासानं घमघमते, आणि त्या वासानं लग्नात मला भूक लागते.

आता रिमोट. साधा, वायरचा, घरच्या घोळक्याच्या फोटोंना वापरतो तो. आपोआप फोटो काढत राहणारा नव्हता, प्रत्येक फोटोला बटण दाबावं लागे. मी ठरवून आले होते की थोडे फोटो काढायचे, मग "अहो, बोटं गारठली" म्हणायचं आणि हळूच रिमोट ह्यांच्याकडं द्यायचा. वाक्य पाठ केलं होतं. पण ह्यांच्याकडं बघितलं की पाठ विसरायचं. ह्यांचे हात खिशात. मध्येच हे सांगायचे, "मृग सरकलाय, तिपाई जरा उजवीकडं घे," तेही हनुवटीनं दाखवून. माझी बोटं खरोखरच गारठली आणि वाक्य काही तोंडातून निघेना. मला स्वतःचाच राग यायला लागला.

इतक्यात बांधावरून आवाज आला, "कोन हाय रं तिकडं? अवसंच्या दिशी काय मांडलंय हितं?"

वळून बघितलं तर मफलर गुंडाळलेले एक मामा, हातात काठी. त्यांच्या जागेवरून आम्ही कसे दिसत असू ते मला तेव्हा कळलं. अमावास्या, लाल उजेड, फुटका नारळ, कुंकू लावलेले तीन पाय, त्यावर बांधलेली पुरचुंडी, आणि भोवती तीन परकी माणसं. आम्ही करणी करतोय यात कुणालाही शंका आली नसती.

"मामा, काय न्हाई, फोटू काढतोय," नणंद ओरडली.

"काळोखात? कुनाचं फोटू?"

"मृगाचं."

"मृग? आवं, मृग जूनात असतोय, पावसाचा. ह्या थंडीत कुठला मृग? थांबा, पोलीस पाटलाला फोनच लावतो."

मी घाबरून पुढं धावले. धावताना हातातला रिमोट शेजारच्या हातात कोंबला आणि म्हणाले, "धरा हो जरा, थांबवू नका!" तो शेजारचा हात कुणाचा, हे मला मामांपाशी पोचल्यावर कळलं. नणंद तर माझ्याच बरोबर पळत आली होती.

मागं खट्ट झालं. मग थोडं थांबून पुन्हा खट्ट. मग खट्ट, खट्ट, खट्ट.

मी मागं वळले नाही. वळले असते तर थांबलं असतं. नणंदेनं माझ्या कोपराला इतक्या जोरात चिमटा काढला की दुसऱ्या दिवशी तिथं काळंनिळं होतं. मामा म्हणत होते, "बरं बरं, फोटूच काढताय तर काढा, म्या जातो," आणि मी मामांना जाऊ देईना! ते गेले की आम्हाला परत फिरावं लागणार, आणि फिरलो की हे रिमोट माझ्या हातात देणार. मी मामांना विचारलं भात कसं झालं. इंद्रायणी लावलं की दुसरं काही. लेकी किती, कुठं दिल्या. मामा हुशार होऊन सांगायला लागले, मग कंटाळले, मग थंडीनं पाय आपटायला लागले. वर बोट करून नणंदेनं तीन तारे दाखवले तेव्हा म्हणाले, "हे व्हय? हे तर आमचं तिकांडं. म्हातारा बा ह्याच्यावरनं पहाट वळखायचा. आता सोडा की बाई मला, घरी जेवान निवलं आसंल." करणीवाल्यांना हुसकायला आलेला माणूस आता आमच्या तावडीतून सुटायला बघत होता. त्यांना लाडू दिले आणि तरी धाकट्या लेकीचं सासर विचारलंच.

खट्ट, खट्ट चालूच होतं. हात थरथरला की बटण दाबलं जायचं, आणि आम्हाला तरी दुसरं काय हवं होतं! कॅमेरा वायरच्या दुसऱ्या टोकाला तिपाईवर ढिम्म. त्याला थरथर कळत नव्हती.

मामा गेल्यावर आम्ही चोरपावलांनी परत आलो. ह्यांनी रिमोट परत दिला नाही. डोळे मृगावर, दुसरा हात खिशाबाहेर. "पुरचुंडी गार झाली, बदल," एवढंच म्हणाले, बहिणीला. हुकूम सोडल्यासारखं! ती ओठ चावून हसू दाबत गाडीकडं पळाली. मी पेंढ्याच्या गंजीआड जाऊन तोंडावर पदर दाबला. मला इतका आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं, आणि ओरडले असते तर मामा पुन्हा आले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओचं दार ओढून घेतलं. नणंदेला माऊसला हात लावायची बंदी होती. ती हातांची घडी घालून मांजरासारखी शहाणी बसली. मी फोटो रचायला लावले. बराच वेळ पडद्यावर काही नाही. मग उजळवत गेले तसा बाणाखाली एक डाग उमटला, पसरला, आणि गुलाबी झाला. लहानसा, कडा विरलेला, पण गुलाबी. नणंदेनं किंचाळून मला मिठी मारली आणि आम्ही दोघी त्या दीड माणसाच्या जागेत फुगडी घालायला लागलो. तिपाई पडली. "दादा, बग की! तू काढलास!" ती ओरडत होती.

हे काउंटर सोडून आले. ढगाकडं त्यांनी धड बघितलंसुद्धा नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "रचलेला नको. सुटा एखादा दाखव. मी काढलेला, एकच."

मी एक उघडला. आमची फुगडी थांबली. ह्यांनी माऊस हातात घेतला आणि एक तारा मोठा करायला लागले. मोठा, आणखी मोठा, अंतरपाटाचे फोटो त्या दिवशी मोठे करून बघितले होते तसाच. पडद्यावर एकच तारा राहिला. त्याच्यावर माऊसचा बाण थरथरत होता, इकडून तिकडं, थांबतच नव्हता. खालचा तारा गोल होता.

"हललेला नाही," हे म्हणाले.

मी म्हणाले, "नाही."

मग त्यांनी दुसरा उघडला.