सुलतानपूरची तोमोको

रस्त्यात मोटारसायकल बंद पडली की माणूस आधी किका मारतो, मग शिव्या देतो, मग कुणाला तरी फोन लावतो. तोमोको आधी हेल्मेट काढून आरशाला अडकवायची आणि गाडीच्या सावलीत मांडी घालून बसायची. पाणी प्यायची. हत्यारांची पिशवी उघडायची ती त्यानंतर. मेहकरच्या रस्त्यावर मी तिला एकदा असंच बसलेलं पाहिलं आणि काय झालं म्हणून विचारलं. "काही नाही दादा, दमली थे," ती गाडीकडे बघत म्हणाली. "मंग पाहू नं." हे 'मंग पाहू नं' दिवसातून दहादा तिच्या तोंडी असायचं.

ती जपानहून आली होती, आमच्याकडच्या जुन्या बारवांचा अभ्यास करायला. सिंदखेडराजापासून लोणारपर्यंत या पायऱ्यांच्या विहिरी जागोजागी आहेत. त्यांची मापं घ्यायची आणि चित्रं काढायची, हे तिचं काम. सुलतानपूरला आमच्या घराची माडी तिने भाड्याने घेतली, एक जुनी मोटारसायकल मिळवली आणि मराठी शिकली ती माझ्या आईकडून, चुलीपुढे बसून. त्यामुळे पुस्तकातलं मराठी तिला कधी आलंच नाही. पुण्याला कुठल्याशा सभेत बोलून परतली तेव्हा खट्टू होती. "काऊन हासले थे लोकं, माय? मी तं बराबर बोलली." आई म्हणाली, त्यांना येत नसेल आपल्यासारखं. तोमोकोला ते पटलं.

बारवेत उतरण्याआधी ती पहिल्या पायरीवर थांबून "येऊ काय?" असं विचारायची. पाण्यावर बाया असोत की नुसत्या शेळ्या, विचारल्याशिवाय पाय खाली ठेवायची नाही. त्यामुळे आसपासच्या गावांत तिला पोरंसोरंही ओळखत.

त्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरू लागले. कुठले, कधीचे, कुणाला माहीत नव्हतं. अनोळखी माणूस दिसला की लोक त्याला अडवायचे. एकटी लांब जाऊ नको, असं आईने तिला बजावलं होतं. मला सगळे ओळखतात, असं तिचं उत्तर.

दुसरबीडकडून परत येताना एका लहानशा वस्तीजवळ तिच्या गाडीची चेन तुटली. ती नेहमीसारखी सावलीत बसली. दोघेतिघे जमले, मग गर्दी झाली. हत्यारांच्या पिशवीतून विहिरी मोजायची दोरी बाहेर आली, तेव्हा कुणीतरी विचारलं, ही दोरी कशाला? ती सांगत होती, तोवर कुणीतरी मोबाइलवर शूटिंग सुरू केलं आणि त्यानंतर तिचं कुणी ऐकेना. गाडीची किल्ली काढून घेतली. गाडी खड्ड्यात लोटली. एक दगड तिच्या भुवईवर लागला.

हे मला पुढे कौसल्याबाईंनी सांगितलं. त्या त्याच वस्तीतल्या. शेतातून येत होत्या. गर्दीत शिरून त्यांनी तोमोकोला विचारलं, कोणाची गं तू? तोमोको म्हणाली, "सुलतानपूरची. माह्या मायले फोन लावा."

सुट्टी असल्यामुळे मी घरीच होतो. आईच्या फोनवर एक पुरुषी आवाज आला, मागे गलका. ही बाई तुमची कोण लागते, असं तो विचारत होता. काय घडलंय याची आईला काहीच कल्पना नव्हती. तरी ती क्षणभरही थांबली नाही.

"पोरगी व्हय माही," ती म्हणाली. "तिले बसवा, पाणी पाजा. मी येऊन राह्यली."

शेजारच्या मकबूलचाचांनी टेम्पो काढला. वाटेत ते एवढंच बोलले, की मागच्या आठवड्यात त्यांनाही एका गावात टेम्पो उघडून दाखवावा लागला होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा गर्दी पांगली होती. कौसल्याबाई ओल्या पदराने तिची भुवई दाबून बसल्या होत्या. उरलेसुरले पुरुष जमिनीकडे बघत होते. आईने तोमोकोला हाताला धरून टेम्पोत बसवलं. घरापर्यंत ती पोरगी एकच सांगत राहिली, "चेन तुटली होती, माय. फक्त चेन तुटली होती."

पोलिसांत तक्रार द्यायची म्हणून मी हट्ट धरला. ती ऐकेना. "तक्रार देली तं तिथली बारव मले कोन दाखवन?" असं म्हणाली, आणि त्यावरून आमचं चांगलंच वाजलं. काही दिवसांनी वस्तीतले दोघं माफी मागायला आले. तिने स्वतः चहा केला. ते गेल्यावर ती जिन्यात बसून राहिली, अंधार पडेपर्यंत.

गाडी दुरुस्त झाली, पण तोमोको गावाबाहेर जाईना. बारवेत उतरायचं तर आई बरोबर लागायची. खाली रस्त्यावर चार माणसं मोठ्याने हसली तरी ती उठून कडी लावायची. 'मंग पाहू नं' तिच्या तोंडून कधी गेलं, आमच्या लक्षातही आलं नाही. त्या वस्तीतली बारव तिने पाहिलीच नाही. पावसाळा सरता सरता ती जपानला परत गेली. पुन्हा कधी येशील, असं आईने विचारलं, तेव्हा ती वाकून पाया पडली आणि गाडीत बसली.

अजून रविवारी तिचा फोन येतो. मागच्या महिन्यात आला, तेव्हा आवाज वेगळा होता. तिच्या गावाजवळच्या घाटात तिची मोटारसायकल बंद पडली होती. एक मोटार थांबली, तीन माणसं उतरली, मदत हवी का म्हणून विचारू लागली.

"मी पळाली, माय," ती म्हणाली. "गाडी टाकून रानात पळाली. माह्याच देशात. माह्याच भाषेत बोलत होते थे."

आई म्हणाली, पळालीस ते बरं केलंस बाई, आणि जेवलीस का म्हणून विचारलं. फोन ठेवल्यावर मात्र ती माझ्याकडे न बघता बोलली.

"पोरगी हे आपल्या इथून घेऊन गेली."