डॉक्टरांसाठी आणलेलं माप

लातूरच्या दवाखान्यात मी भाजलेल्या हाताची पट्टी बदलायला गेले होते, तेव्हा ती बाई शेजारी बसली होती. चाळिशीची असेल. आधी ती फार जाड होती. दोन वर्षं खपून तिनं वजन निम्म्यावर आणलं, पण छाती रिकामी होऊन लोंबायला लागली. ब्लाउजात ती जुन्या साडीच्या घड्या भरायची आणि बोलताना पदराआडून त्या सारख्या नीट करायची.

"जाऊबाई म्हणती, आता कुणाला दाखवायचंय?" ती म्हणाली. "म्हणलं, रोज अंघोळ मीच करते न्हाई का?"

मी लाजून खाली बघितलं. तिचा नंबर पुकारला तेव्हा तिनं माझा चांगला हात धरला. "चला की ताई, एकटीला सुधरत न्हाई."

आत तिनं पिशवीतून जुना ब्लाउज काढला आणि शिंप्याला द्यावा तसा डॉक्टरबाईंना मापाला दिला. त्या हसल्या नाहीत. सैल कातडी काढून छाती वर उचलता येते, आत सिलिकॉन घालून भरता येते, नाहीतर काखेखालचं जास्तीचं मांस आत वळवता येतं, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. व्रण राहणार, हेही सांगितलं.

"माझंच मांस घ्या मॅडम."

"मग या मापाइतकं भरणार नाही."

ती ब्लाउजाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता उठून जाईल. तिनं तो घडी करून पिशवीत कोंबला.

"भरंल तेवढं भरा. सोयाबीन निघालं की येते. तारीख लिहा."

डॉक्टरबाईंनी दिवाळीनंतरची तारीख लिहिली. ती तिनं मोठ्यानं वाचली, बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.