खाजणावर वाळीत

मालूचं गाव विमानतळाखाली गेलं तेव्हा माणसं करंजाड्याला, कामोठ्याला, जिथे जागा मिळाली तिथे पांगली. कोळीवाड्यात एका हाकेवर असलेली शेजारीण आता रिक्षाने जायच्या अंतरावर गेली, आणि रिक्षा करून कोणी गप्पा मारायला जात नाही. नवरा कमळाकर जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा निकेश पळस्प्याच्या एका गोदामात कॉम्प्युटरची कामं बघायचा; तो सकाळी बाहेर पडला की करंजाड्याच्या नव्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, मालू आणि तिचा आवाज एवढेच उरायचे. मासे विकण्यात आयुष्य गेलेल्या बाईचा आवाज तो. फ्लॅटमध्ये भिंतीवर आपटून तो परत तिच्याकडेच यायचा.

गावाचा एक ग्रुप एका मोठ्या कंपनीच्या साइटवर होता. एके दिवशी तो बंद झाला. कुणीतरी गावच्या बोलीत थट्टा केली होती, ती त्यांच्या यंत्राला शिवी वाटली असावी, असा निकेशचा अंदाज. लग्नांचे, होळीचे, पाडलेल्या घरांचे सगळे फोटो त्याबरोबर गेले. दाद मागायची तर पलीकडे माणूसच नव्हतं.

म्हणून निकेशने स्वतःचा सर्व्हर चालू केला. टीव्हीखालच्या कप्प्यात जेवणाच्या डब्याएवढं यंत्र ठेवलं आणि नाव दिलं 'खाजण'. भरतीला बुडणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या गावच्या त्या चिखलाच्या जमिनीचं नाव. आईला त्याने समजावून सांगितलं की प्रत्येक गावाचा धक्का वेगळा असतो, नियम त्या त्या गावाचे असतात, पण पाणी एकच असतं आणि होडी कुठूनही कुठेही जाते. तसे हे सर्व्हर. जगभर वाढत चाललेत, आणि सगळ्यांचा मिळून कोणी एक मालक नाही.

"मालक नाय, मग भांडन झालं तर सोडवतं कोन?" मालूने विचारलं.

"आपल्या धक्क्यावरचं मी," निकेश म्हणाला.

मालूला ते तेव्हाच आवडलं नव्हतं. दुसऱ्यांची भांडणं सोडवणाऱ्या माणसाला रात्री झोप लागत नाही, हे तिने पाहिलेलं होतं.

पण खाजणावर तिचं चांगलं जमलं. लिहिणं तिला जड जायचं, म्हणून ती बोलायची. आज बाजारात बोंबील कसे होते, कोळणीने तिलाच कसं फसवायला पाहिलं, सुनेच्या शोधात निकेशने किती मुली नाकारल्या, की मुलींनीच त्याला नाकारलं. गावचे लोक हसायचे. मग दुसऱ्या धक्क्यांवरून मालवणचे ऐकू लागले, कारवारचे ऐकू लागले, डेन्मार्कमध्ये राहणारी कुणी प्राची रोज तिला 'मावशी, आज काय शिजवलंत?' म्हणून विचारू लागली. "डेनमार्कला आपली बारकी कोलिम मच्छी नाय मिलत," मालू निकेशला सांगायची. "बिचारी माजं ऐकून भात गिलते." तिचा आवाज पुन्हा कुठेतरी पोहोचत होता. निकेशला घरी आल्यावर तिच्या चेहऱ्यावरून ते कळायचं, आणि यंत्राचा सगळा ताप त्याला हलका वाटायचा.

मग एका आठवड्यात मालवण गप्प झालं, कारवार गप्प झालं. प्राची येईनाशी झाली. मालू दोन दिवस वाट बघून म्हणाली, यंत्रात पाणी गेलं का बघ. निकेश 'बघतो' म्हणाला. त्याने सगळ्या सभासदांसाठी एक सूचना लिहिली आणि कामावर गेला.

मालू फोनकडून सगळं वाचून घ्यायची. त्या दिवशी फोनने वाचलं, "आपल्या खाजणाला काही मोठ्या सर्व्हरनी वाळीत टाकलं आहे."

निकेशला 'ब्लॉक'साठी मराठी शब्द हवा होता, म्हणून त्याने तो लिहिला. त्या शब्दाने त्याच्या घरात काय केलं होतं, ते त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

मालूने आधी गॅलरीचं दार लावलं. मासे आणायला निघाली होती, ती पिशवी तशीच ठेवली. थोड्या वेळाने धीर करून जिन्यात आली, तर खालच्या मजल्यावरची किशोरी, गावचीच मुलगी, तिच्या अंगावरून न बघता निघून गेली. किशोरीच्या कानात इअरफोन होते. मालूला ते दिसले नाहीत. तिला फक्त फिरवलेलं तोंड दिसलं, आणि ते तिने पूर्वी पाहिलेलं होतं.

निकेश घरी आला तेव्हा चूल थंड होती आणि आई भिंतीशी बसली होती. "पंच कोन होते?" तिने विचारलं. "तू काय केलंस?"

त्याला समजायला वेळ लागला. मग तो हसला आणि लगेच थांबला. त्याने तिला खरं काय ते सांगितलं. गावच्या शांतीआजीचा नातू अथर्व, खाजणाचाच सभासद, कामोठ्यात राहणारा, शिकून घरी बसलेला. त्याने दुसऱ्या सर्व्हरवरच्या मिताली नावाच्या एका मुलीला गाठलं होतं. तिने कशावर तरी दोन ओळी लिहिल्या, त्या त्याला झोंबल्या, आणि तेव्हापासून तो तिला घाण घाण लिहीत होता. नाव बदलून, वेळ साधून. तिच्या बाजूच्या लोकांनी निकेशला आधी विनंती केली, मग इशारा दिला. निकेशने अथर्वला फोन केला, तर त्याने उचलला नाही. आपल्यातला आहे, शांतीआजीचा आहे, म्हणून निकेशने दिवस ढकलले. शेवटी त्यांनी खाजणाचाच रस्ता तोडला.

"उद्या त्याला काढतो," निकेश म्हणाला. "माफी मागतो. मग उघडतील."

मग मालूने सांगितलं. लग्न होऊन आली त्याच वर्षी कमळाकर जाळ्याच्या भांडणात गावकीकडे न जाता पोलिसांत गेला होता. गावकीने घर वाळीत टाकलं. नळावर बायका हंडे घेऊन बाजूला व्हायच्या. दुकानदार मीठ देईना. होळीला त्यांचा नारळ परत पाठवला. सासरा वारला तेव्हा खांदा द्यायला घरातलेच होते आणि एक बाहेरगावचा पाहुणा. आता त्याविरुद्ध कायदा आहे म्हणतात. तेव्हा त्यांच्यासाठी होती फक्त शांती. ती भर दुपारी सगळ्यांसमोर आली, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, मालू, पानी दे. वाळीतल्या घरचं पाणी पिणं म्हणजे काय ते गावाला माहीत होतं. शांतीलाही मग पंचांपुढे नाक घासावं लागलं.

"तिच्या नातवाला तू काढू नको," मालू म्हणाली. "माज्या घरातून कोनाला वालीत टाकायचं नाय."

"आई, ती मुलगी नोकरीवर जायची थांबलीय. फोन बघितला की रडते. तिला कोणी पाणी द्यायचं?"

 मालूने पदराने तोंड पुसलं आणि भात लावला.

निकेशने अथर्वचं खातं बंद केलं, पण आईला सांगितलं नाही. काही दिवसांनी फोन पुन्हा बोलू लागला. मालवण आलं, कारवार आलं. 'मावशी, कुठे होतात?' प्राची विचारत होती. मालूने ते ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं आणि समजायचं ते समजली. चांगली साडी नेसून ती खाली उतरली आणि कामोठ्याला गेली.

दार अथर्वनेच उघडलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. आत खाटेवर शांती होती. तिला आता माणसं ओळखू येत नव्हती. ती मालूकडे बघून हसली आणि कुणाच्या तरी दुसऱ्याच नावाने हाक मारली.

मालू दाराशी खुर्चीत बसली. "पानी दे," ती म्हणाली.

त्याने पेला आणून दिला आणि तसाच वळला.

"उभा रा. त्या पोरीला काय लिवलंस ते मना वाचून दाखव. मना लिवता वाचता येत नाय नीट. तुज्या तोंडून ऐकतंय."

अथर्व उभा राहिला. त्याने खिशातून फोन काढला, आणि मालूला क्षणभर वाटलं की हा वाचेल, वाचताना याला स्वतःलाच ऐकू येईल. त्याचा अंगठा काचेवर फिरत राहिला. कान लाल झाले. "मावशी, तुमचा काय संबंध," असं काहीतरी तो पुटपुटला. मग आत गेला आणि खोलीचं दार लावून घेतलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

मालू पेल्यातलं पाणी शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. तिने शांतीच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं आणि परत आली.

नंतर निकेशनेच तिला सांगितलं की अथर्व दुसरीकडे गेलाय. अशांचाही एक सर्व्हर आहे, तिथे त्याच्यासारखीच पोरं जमतात. आपण तो रस्ता तोडून ठेवलाय, त्यामुळे इकडे त्रास नाही. खुल्या जाळ्यात हे असंच असतं, कोणालाही कुठेतरी जागा मिळतेच.

"तिथं त्याला रागं भरायला कोन हाय?" मालूने विचारलं.

"कोणी नाही. म्हणूनच गेला ना."

डोक्यावरून विमान गेलं. मग निकेश म्हणाला, मितालीने पुन्हा लिहायला सुरुवात केलीय, थोडं थोडं. मालूने मान हलवली. बरं झालं, म्हणाली, आणि ते ती मनापासून म्हणाली.

पण शांतीच्या नातवाला जिथून काढलं, त्या खाजणावर ती परत बोलली नाही. निकेशने खूप विनवलं. बोलायचं बटण दाबून फोन तिच्या तोंडापुढे धरला. ती त्या फोनकडे बघत राहिली आणि रेकॉर्डिंगमध्ये नुसता पंख्याचा आवाज भरला. अजूनही तिथे तिचं शेवटचं बोलणं आहे ते बोंबलांचं, आणि त्याखाली लोक विचारतात, मावशी, आज काय शिजवलंत? निकेश पळस्प्याला दुपारचा डबा उघडतो तेव्हा ते वाचतो. डब्यात काय आहे ते त्याला दिसत असतं. पण आईच्या वतीने उत्तर लिहायला त्याचा हात होत नाही.