दाजींच्या गॅलरीतली झाडं

माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या दाजींनी, जन्मात कुठलीही गोष्ट पहिल्या खेपेला पास केलेली नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते माल तपासणीचे अधिकारी होते. सुटा भाग डोळ्यापाशी न्यायचा, त्यातली खोट शोधायची आणि तो बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. ते त्यांनी इतक्या निष्ठेनं केलं की घरी आल्यावरही हात थांबत नसे. आमटी रिजेक्ट, इस्त्री रिजेक्ट, पडद्याचा रंग रिजेक्ट. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ताईनं आणलेल्या चहाचा एक घोट घेऊन त्यांनी कप तिच्याकडे सरकवला आणि सहज म्हणाले, "पुन्हा कर." ताईनं पुन्हा केला. पुढं मुलगी झाली, मोठी झाली, तिचं लग्न झालं, तरी ताई पुन्हा करतच होती. दाजी वाईट माणूस नव्हते. पगार घरात देत, दारूला शिवत नसत, कुणाच्या मयताला पहिले हजर. पण बरं झालंय, छान झालंय, हे शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. निवृत्तीच्या निरोप समारंभात त्यांनी मॅनेजरपासून कँटीनमधल्या वाढप्यापर्यंत सगळ्यांचे आभार मानले. ताई पहिल्या रांगेत नव्या साडीत बसली होती. तिचं नाव आलं नाही. मी नंतर विचारलं तर खरोखर गोंधळून म्हणाले, "अरे, घरच्यांचे कसले आभार?"

निवृत्तीनंतर त्यांनी बदलापूरला, सोनिवलीत, नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला. गॅलरी मोठी होती. ताईनं ती झाडांनी भरून टाकली. मनीप्लांट, फर्न, मोगरा, स्नेक प्लांट आणि नावं ठाऊक नसलेली आणखी किती तरी. त्या गॅलरीतही दाजी तपासणीला जात. "हे वाकडं वाढलंय," "याला फूल का नाही?" ताई पाणी घालत राही. मग पुण्याला मुलीचं बाळंतपण निघालं आणि ताई बॅग भरून गेली. ती परत आलीच नाही. भांडण नाही, रडारड नाही. मी फोन केला तर एवढंच म्हणाली, "मला आता यायचं नाही रे. इथं चहा एकदाच करावा लागतो." दाजी सगळ्यांना सांगत, "नातवासाठी थांबलीय." नातू शाळेत जायला लागला तरी सांगत होते, आणि लोकही मान डोलवत होते. लोकांना काय, मान डोलवायला पैसे पडत नाहीत.

मागं राहिली ती झाडं. दाजींना वाटलं, यात काय आहे, पाणी घातलं की झालं. कारखान्याच्या शिस्तीत त्यांनी पाण्याची वेळ ठरवली आणि सकाळ-संध्याकाळ प्रत्येक कुंडीत तांब्या उपडा करायला सुरुवात केली. मोगऱ्याची मुळं कुजली. मग चूक लक्षात आल्यावर त्यांनी पाणी बंदच केलं, तेही बदलापूरच्या मे महिन्यात, जिथं गॅलरीतल्या फरशीवर अनवाणी उभं राहता येत नाही. निम्मी झाडं त्यात गेली. उरलेल्यांना त्यांनी इतकं खत घातलं की त्यातलीही बरीच गेली. रोज सकाळी कुंडीसमोर स्टूल टाकून बसायचे, पानं उलटीपालटी करून बघायचे, कुठं डाग दिसला की पान खुडायचे. एक झाड असं खुडून खुडून नुसती काठी झालं. तरी दाजींचा निर्णय ठाम होता, "मालच खराब होता."

ताईला ते फोन करत नसत. मला करत. मी राहतो जवळच विठ्ठलवाडीला आणि या नवराबायकोच्या मधलं टपालखातं झालो होतो. "तुझ्या ताईला विचार, मनीप्लांट पिवळा का पडतोय." मी पुण्याला लावायचो. ताई म्हणायची, "सांग त्यांना, मातीत बोट घालून बघा. ओलं लागलं तर पाणी घालू नका. आणि रोज काय तपासता त्याला? सोडा की जरा." मी शब्द न् शब्द पोचवायचो. दाजी ऐकून घ्यायचे. मग, "ते ठीक आहे. पण पिवळा का पडतोय?"

शेवटी त्यांनी पराभवावर उपाय काढला. मला घेऊन उल्हासनगरला कॅम्प एकच्या बाजारात गेले आणि प्लॅस्टिकची झाडं घेतली. दुकानदार सिंधी, मोठा गोड माणूस. पान चुरगाळून दाखवत म्हणाला, "साईं, असली से भी असली. पानी नहीं, खाद नहीं, टेन्शन नहीं." दाजींनी नेहमीप्रमाणे प्रत्येक पानाची खोट काढली आणि घेतली. ताईच्याच कुंड्यांमध्ये ती खोचली. का, तर मुलगी व्हिडिओ कॉल करायची तेव्हा मागं हिरवं दिसावं. कॉलवर दाजी मुद्दाम गॅलरीत बसू लागले. पहिल्या कॉलच्या दुसऱ्याच दिवशी ताईचा मला फोन, "त्यांना सांग, प्लॅस्टिक ओल्या फडक्यानं पुसायचं असतं." मी सांगितलं. दाजींनी फोन ठेवला आणि ती सगळी झाडं कचऱ्यात टाकली.

त्यानंतर त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही, माती-धुळीत जायचं नाही. जिवंत उरला होता एकटा स्नेक प्लांट. त्याला तपासायला कुणी नव्हतं, पाजायला नव्हतं, खुडायला नव्हतं. डोळा बरा झाल्यावर दाजी गॅलरीत गेले आणि मला फोन आला. मला वाटलं काहीतरी झालं, इतका आवाज हलला होता. "अरे, पान आलंय. नवीन. मी काहीच केलं नाही रे!"

तिथून माणूस बदलला. कसं ते मला सांगता येणार नाही, पण बदलला. नर्सरीतून एकेक रोप आणलं. बोट घालून बघायला लागले. एखादं पान पिवळं पडलं तर पडू देऊ लागले. एकदा मी न कळवता गेलो, दार उघडंच होतं. दाजी गॅलरीत फर्नसमोर बसले होते आणि हळू आवाजात विचारत होते, "काय हवंय तुला? सांग तरी." मी तसाच उभा राहिलो. हा प्रश्न त्या घरात मी पहिल्यांदा ऐकत होतो, आणि ऐकायला एक झाड होतं.

गेल्या हिवाळ्यात चुलतभावाच्या मुलीच्या लग्नाला ताई अंबरनाथला आली. उतरली माझ्याकडे. दाजींनी मला गाठून सांगितलं, "तिला म्हणावं, झाडं तरी बघून जा." ताई नको म्हणेल असं वाटलं होतं, पण ती निघाली. दाजींनी दाढी केली होती, कडक इस्त्रीचा शर्ट घातला होता. गॅलरी भरली होती, पूर्वीपेक्षाही जास्त. ताई एकेका कुंडीपाशी थांबली, पानाखालून हात फिरवला. तेवढ्यात दाजी आतून चहा घेऊन आले. स्वतः केलेला. कप देताना विचारलं, "साखर बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," ताई म्हणाली. चहा संपवून तिनं कप खाली ठेवला, पुन्हा एकदा सगळ्या झाडांकडे पाहिलं. "म्हणजे जमत होतं तुम्हाला."

दाजी आधी हसले. आपलं कौतुकच केलं असं वाटलं असावं. मग ते हसू तसंच तोंडावर राहिलं आणि त्याचं काय करायचं हे त्यांना कळेना. त्यांनी घाईघाईनं मोगऱ्याची कुंडी उचलली, "ही घेऊन जा." ताई म्हणाली, "नको. इथं रुजलंय, इथंच राहू दे." आणि पर्स उचलली.

रिक्षात ती बाहेर बघत होती. अंबरनाथ आल्यावर म्हणाली, "फर्नला दुपारचं ऊन लागतंय. आत घ्यायला सांग." मी घरी पोचल्यावर दाजींना फोन लावला आणि निरोप दिला.

"हो, घेतो," ते म्हणाले. मग, "आणखी काही म्हणाली?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले. फोन बंद करायचा मात्र विसरले. मी कानाला लावून तसाच बसलो होतो. पलीकडे फरशीवरून जड कुंडी सरकवल्याचा आवाज येत होता. थांबत थांबत, दम खात.